डोमाजीची गाडी

"माणूस बोलता बोलता थांबला ना, तं तू मधात बोलू नको. उगी राह्य. थांबल्यावर तो जे सांगते, तेच कामाचं राह्यते."

धनंजयनं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. बसमध्ये, स्वयंपाकघरात, देवापुढे डोळे मिटून बसले असताना… कुठेही त्याचा तो आवाज येतो. जरासा घोगरा, शेवटच्या शब्दाला ओढ देणारा. हल्ली तो तेवढाच येतो — माझ्या कानात. बाहेर कुठे येत नाही.

आमची भेट झाली ती आर्वीच्या जुन्या स्टेशनात. पुलगावहून येणारी छोटी गाडी बंद पडून बरीच वर्षं लोटलीत; रूळ गवताखाली गेले, तिकिटाच्या खिडकीत कबुतरं नांदतात. पण फलाटाच्या टोकाला लिंबाखाली मारुती आहे, आणि त्याच्यापुढे रोज सकाळी दिवा लावायचा माझा नेम आहे. आई एकदा फार आजारी पडली होती तेव्हा धरला. आई बरी झाली, नेम राहिला. दिवा लावून प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही.

माघातली सकाळ होती. गवतावर दव होतं. मी दिवा लावून फेरे घालायला लागले, तोच मागून कोणीतरी म्हणालं, "नमस्कार जी. तुमी इथल्याच का?"

मी चालत राहिले.

"मी वर्ध्याहून आलो. या गाडीच्या आठवणी जमा करून राह्यलो. तुमी लहानपणी बसल्या असान ना?"

मी वळले, लिंबामागे गेले. तो पण वळला. हातात छोटं रेकॉर्डर, लाल ठिपका लुकलुकत होता. मी पुढे, तो मागे, मधे मारुती.

"बरं, गाडीत नसान बसल्या. पाह्यली तं असन? …पाह्यली नसन तं ऐकली असन. शिट्टी कशी होती तिची?"

हसू येत होतं. ओठ घट्ट दाबून मी शेवटचा फेरा घातला, हात जोडले, तीर्थ घेतलं, आणि म्हणाले, "आता विचारा."

तो कानामागे हात धरून पुढे वाकला. "काय म्हणलं?"

"म्हटलं, विचारा आता."

"हाव का. मले वाटलं तुमी मुक्या हाय."

"आणि तरी विचारत होतात?"

"मुक्या माणसालेही इतिहास राह्यतेच ना." मग रेकॉर्डर बंद करत तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तुमच्यासंगं माह्याही प्रदक्षिणा झाल्या. पुण्य अर्धं अर्धं करू."

"पुण्य वाटता येत नाही."

"मंग चहा वाटू."

महिन्याभरात मी त्याच्याबरोबर काम करायला लागले. राज्याचा लोकइतिहास जिल्ह्याजिल्ह्यातून गोळा करायचा, आणि ज्यांचा तो आहे त्यांनाच परत नेऊन ऐकवायचा, असं वर्ध्याच्या एका संस्थेचं काम होतं. धनंजय आठवणी रेकॉर्ड करायचा. मी घरी बसून त्या ऐकून उतरवून काढायची. मग आठवडी बाजारात, वांग्या-टमाट्याच्या ढिगांशेजारी, तो दोन बांबूंना पांढरी चादर बांधायचा, तिच्यावर जुने फोटो टाचायचा, स्पीकर लावायचा आणि सांगायला लागायचा. हातात पिशव्या घेऊन बाया उभ्या राहायच्या. "आमचा माल फुकट हाय," तो म्हणायचा, "पण वजनाले भारी. उचलून घरी न्या." म्हातारी माणसं मधेच त्याला दुरुस्त करायची. त्याला ते फार आवडायचं.

मी चादरीमागे बसायची. मला लोकांपुढे सांगता येत नाही. माझा आवाज घशाबाहेर पडेपर्यंत विरतो. कॉलेजात 'हजर' म्हटलं तरी सर गैरहजेरी लावायचे.

"एखाद दिवस तू सांग," तो म्हणायचा.

"मला नाही जमत."

"तुह्या देवाले बरं ऐकू येते मंग?"

"देव जवळ असतो."

"आन् मी?"

मी स्पीकरची वायर गुंडाळायला लागायची. वायर गुंडाळून झालेली असली, तरी.

जेवणावरून तो मला फार छळायचा. सोमवार शंकराचा, गुरुवारी एकभुक्त, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी नि एकादशी. "तुह्या कॅलेंडरात माणसासंगं जेवायचा दिवस कोणता हाय वं?"

"मंगळवार."

"मंगळवारी चतुर्थी आली तं?"

"मग बुधवार."

"बुधवारी मी मरून गेलो तं?"

"असं बोलू नये," मी म्हणाले. तो हसला. तोंड फारसं न उघडता, ओठांतल्या ओठांत. तसंच हसायचा तो.

मंगळवारी-बुधवारी आम्ही बाभळीखाली डबा उघडायचो. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले असायचे. धनंजय भाकरीचे अगदी बारके तुकडे करायचा, चिमणीच्या पिल्लाला भरवावेत तसे, आणि एकेक हळूच ओठांआड सरकवायचा. हिंगणघाटच्या धान्याच्या दुकानात वाढलेला आडदांड माणूस, आणि माझ्यासमोर जेवताना इतका संकोचतो… मला ते बघत राहावंसं वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाला, "तुह्यासमोर लाज वाटते मले." मी ते शब्द घरी नेले, आणि उशाशी घेऊन झोपले.

एकच गोष्ट मला सलायची. त्याच्या खिशातली पन्नी. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात तो खर्रा. आमच्याकडे तो कोण खात नाही? कॉलेजपासून त्याच्या गालात होता. हनुमान जयंतीला मी त्याला मारुतीपुढे उभं केलं.

"इथं ठेवा. देवाला सोडून द्या."

"आन् तू काय सोडतं?"

"गोड."

तो बघत राहिला. "बिनसाखरेचा चहा? माह्यासाठी?"

"देवासाठी."

"देवासाठी," तो म्हणाला, आणि खिशातली पन्नी काढून मारुतीच्या पायाशी ठेवली. त्या दिवसापासून त्यानं खर्ऱ्याला हात लावला नाही. मी साखरेला. चहा पिताना आम्ही एकमेकांची तोंडं बघून हसायचो. देवाला सोडलं म्हणजे देवानं सगळंच नेलं, मागचंही, असं आम्ही दोघंही धरून चाललो. पावसाळ्यात त्याच्या गालाला आतून फोड आला, जाईना, तेव्हा तो म्हणाला, "आता कायची भीती? सोडला ना." मी मध आणि हळद दिली.

दिवाळीनंतर आम्ही बोरखेडीला पंचफुलाबाईंकडे गेलो. पाठ पार वाकलेली, नजर मात्र शाबूत. त्यांचे मालक छोट्या गाडीवर सांधेवाले होते. गाडीनं कोणत्या रुळावर जायचं तो खटका ओढायचं काम. धनंजयनं रेकॉर्डर सुरू केलं.

"आजी, मालकांचं नाव सांगा."

"मी कशी घेऊ माय त्यायचं नाव?" त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग दाराबाहेर पाहत म्हणाल्या, "गाव घेते ना. दिसभर घेते."

आणि थांबल्या. धनंजयनं माझ्याकडे पाहिलं: बोलू नको. आम्ही बसून राहिलो. चुलीवरचं पाणी उकळायला लागलं.

मग त्यांनी सांगितलं. गाडी बंद झाली तेव्हा एक साहेब आले, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, गाडी बंद नाही, थांबली आहे. सांधा चांगला ठेवजो. ते साहेब पुन्हा कधी आले नाहीत. पण म्हातारा रोज सकाळी तेलाची बाटली घेऊन जायचा, खटक्याला तेल द्यायचा, रुळातलं गवत उपटायचा. रूळ झाडोऱ्यात गेले तरी जायचा. मरेपर्यंत गेला. गावाला हसायला मिळालं. बोरखेडीत आजही बस चुकली, नळाला पाणी आलं नाही, पोराचं लग्न ठरेना, की म्हणतात, "येईन, येईन. डोमाजीच्या गाडीनं येईन."

"येडे नव्हते ते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "त्यायले काम सांगलं होतं. सांगनारा परत आलाच नाई, तं थांब कोन म्हणन?"

धनंजयनं रेकॉर्डर बंद केलं आणि त्यांचा हात हातात घेतला. "आजी, होळीच्या आधीच्या बाजारात मी हे पुऱ्या गावासमोर सांगतो. नावासकट."

"तवरी मी जित्ती राह्यली पाह्यजे, बापा."

"राह्यजो. शब्द दे. मीबी देतो."

माघात अवकाळी पाऊस आला. आर्वीच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल बंद पडली म्हणून आम्ही एका संत्र्याच्या बागेतल्या टिनाखाली उभे राहिलो. टिनावर पाण्याचा एवढा आवाज, की बोलायचं तर कानाशी यावं लागे. तो आला.

"वेदू… एक विचारू?"

मला वेदू कोणी म्हणत नाही. सगळे वेदश्री म्हणतात, आई तर पूर्ण नाव घेते. मी पावसाकडे पाहत राहिले.

"घरी बाबाले सांगून टाकलं मी. दुकानात बसनार नाई, आन् लग्न करीन तं… दिवा लावनाऱ्या पोरीसंगं." तो थांबला. "तुह्यं काय म्हणणं हाय?"

बागवानानं दिलेलं संत्रं माझ्या हातात होतं. मी सोललं. एक फोड वेगळी केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी भरवायला हात वर नेला. तेच माझं उत्तर होतं. त्याला ते कळलं. डोळे भरून आले त्याचे.

त्यानं तोंड उघडलं. फोड आत गेली नाही.

मी हसले, म्हणाले, "लाजू नका." त्यानं पुन्हा प्रयत्न केला. ओठ उघडले, दातांच्या मधे करंगळीएवढी फट. तेवढीच. फोड दातांवर चिरडली आणि रस हनुवटीवरून ओघळला. त्यानं तोंड फिरवलं.

पाऊस कोसळत होता. भाकरीचे ते बारके तुकडे, ते ओठांतल्या ओठांत हसणं… सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होईन बरं. सोडला ना आपण."

"कधीपासून, धनंजय?"

"…दिवाळीच्याही आधीपासून."

डॉक्टरांकडे जायला तो तयार होईना. बोरखेडीचा बाजार होऊ दे, मग जातो म्हणाला. मी म्हणाले, मी अन्न सोडीन.

"तू तं तसंही जेवत नाई," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहिला आणि येतो म्हणाला. पुढच्या बाजारी त्यानं एका गावात कसंबसं सांगितलं, शब्द जिभेखाली अडकत होते, आणि तसाच, स्पीकरची पिशवी खांद्याला लावून, माझ्यासोबत सेवाग्रामच्या दवाखान्यात आला. गालाचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या आईला, कौशल्याबाईंना, आत बोलावलं. मला नाही, मी कोण होते? त्या बाहेर आल्या आणि बाकड्यावर माझ्या शेजारी बसल्या. कितीतरी वेळ नुसती पदराची गाठ बांधत नि सोडत राहिल्या. "जबड्याचा भाग काढतीन म्हणे," त्या म्हणाल्या. "जिभेचाही."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी रेकॉर्डर घेऊन त्याच्या खाटेशी बसले. डोमाजींची गोष्ट आजच सांगून ठेवा म्हटलं, बाजारात आपण ती लावू. त्यानं मान डोलवली. मी लाल बटण दाबलं.

"बोरखेडीच्या… मायबापहो…"

शब्द लिबलिबीत येत होते. 'डोमाजी' म्हणताना लाळ सुटली. त्यानं बाहीनं पुसली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळला. शेवटी हातानं रेकॉर्डर बाजूला सारलं. "हे नाई ऐकवायचं लोकायले. पुन्हा हसतीन त्याच्यावर." मग म्हणाला, "तू सांगजो."

"माझा आवाज कोणाला ऐकू जाणार?"

"मोठ्यानं नको बोलू. ऐकायचं असन तं जवळ येतीन." हसायला गेला, दुखलं. "मी म्हातारीले शब्द देल्ला हाय, वेदू."

"सांगीन."

"बाजारात. नावासकट."

"नावासकट सांगीन."

तो थांबला. खिडकीबाहेर पाखरांचा कलकलाट होता, कोणाच्या तरी डब्याचं झाकण खाली पडलं. मी थांबले.

"मले भेव लागून राह्यलं," तो म्हणाला.

त्याच्या आवाजातलं ते माझ्यापाशी असलेलं शेवटचं वाक्य. रेकॉर्डर सुरूच राहिलं होतं, हे मला नंतर कळलं. मी ते अजून ऐकलेलं नाही.

ऑपरेशन झालं. अर्धा चेहरा पट्ट्यांत, नाकात नळी, गळ्याला छिद्र. मानेतल्या गाठींतही निघालं, असं डॉक्टर म्हणाले. किरणांचे शेक द्यावे लागतील, पुढचं आताच सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' हे ते इतक्या हळू म्हणाले, की मला सांगितल्यासारखंच झालं.

शुद्धीवर आल्यावर त्यानं मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी खाटेच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिले, तर डोळे मिटून घेतले.

कौशल्याबाई मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. "पोरी, तू कायले येतं रोज? तुह्यं वय हाय. आमी हावो ना त्याले." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मी म्हणतो म्हणून नाई. त्याले बोलता आलं असतं तं तोही हेच म्हणला असता."

"त्यांना बोलता येत नाही ना," मी म्हणाले. "मग तुम्हीही नका म्हणू, आई."

त्या मला धरून रडल्या. मला रडू आलं नाही.

आर्वीच्या मारुतीपाशी आता आई दिवा लावते. मी इथे, दवाखान्याजवळच्या धर्मशाळेच्या अंगणात तुळशीपाशी लावते. वात लावते, हात जोडते, आणि पुढे काय म्हणायचं ते सुचत नाही. आईसाठी मागितलं तेव्हा सरळ मागितलं होतं. आता काय मागू? जीव मागू की आवाज? की त्यानं एकदा माझ्याकडे बघावं एवढंच मागू? मागताना वाटतं, ऐकणारं कोणी डोमाजींच्या त्या साहेबासारखं येऊन, खांद्यावर हात ठेवून निघून गेलं असेल तर… तरी मी दिवा लावते. चहा बिनसाखरेचा पिते.

आज बोरखेडीचा बाजार.

सकाळी दिवा लावून मी वॉर्डात गेले. कौशल्याबाई त्याचे पाय पुसत होत्या. "आज टाके काढनार हायेत," त्या म्हणाल्या. "तू थांबतं ना? माह्यानं पाहवनार नाई एकटीनं."

मला थांबायचं होतं. देवाशपथ, मला तिथून हलायचं नव्हतं. पट्टी निघाल्यावर तो पहिल्यांदा आरशात बघेल, आणि तेव्हा मी बोरखेडीत असेन, आणि तो काय समजेल?

"मला बाजाराला जायचंय, आई. संध्याकाळपर्यंत येते."

"बाजाराले? आज?"

मी वाकून खाटेखालची स्पीकरची पिशवी ओढली. चादर वरच होती. घडीला संत्र्याचा वास राहिलेला, की मला तसा वाटला. खाटेवर हालचाल झाली. तो ऐकत होता. पाठ माझ्याकडे, खांद्याचं हाड गाऊनमधून वर आलेलं.

"बोरखेडीला जाते आहे," मी त्या पाठीला म्हणाले. "नावासकट सांगते."

तो वळला नाही. चादरीवर त्याचा हात होता, तो मुठीत वळला आणि तसाच राहिला. मी वाट पाहिली. औषधांची गाडी घेऊन सिस्टर आल्या, कौशल्याबाई उठून बाजूला झाल्या. तो वळला नाही.

"येते मी," म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावली. जड होती. तो कशी नेत होता रोज, कोण जाणे.

वर्ध्याच्या स्टँडवर आर्वीची बस लागलेली होती. खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली, आणि पहिलं वाक्य घोळवायला लागले. 'बोरखेडीच्या मायबापहो' नको, ते त्याचं आहे. मी माझं शोधत होते. ओठ हलत असावेत. शेजारी मेथीच्या जुड्या पायाशी ठेवून बसलेल्या बाईनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"काय म्हणलं बाई? मले ऐकू नाई आलं."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. काचा थरथरल्या.

"डोमाजी वेडे नव्हते," मी म्हणाले.

"कोन डोमाजी?"

ती जरा सरकून जवळ आली. बस स्टँडबाहेर वळली, आणि मी तिला सांगायला लागले.